आपल्याच घरात म्हातारपण



ज्येष्ठांविषयी आपल्याकडे बोलणे पुष्कळ होते, पण ते बहुतेक वेळा संस्कारांविषयी असते. मुले आईबापांना सांभाळतात की नाही, सुना कशा वागतात, एकत्र कुटुंब मोडले त्याचे काय, या प्रश्नांभोवतीच चर्चा फिरत राहते. आज मला तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने मांडायची आहे. म्हातारे माणूस आपल्या घरात सुरक्षितपणे आणि आपल्या मर्जीने राहू शकेल का, हे त्याला मुलगे किती आणि ते कसे, यावर ठरते असे आपण धरून चालतो. माझ्या मते ते त्याहून अधिक दोन साध्या गोष्टींवर ठरते. एक, त्याचे घर कसे बांधले आहे. आणि दुसरी, त्या घरी ठरलेल्या दिवशी जाणकार माणूस येते की नाही. या दोन्ही गोष्टी गावाच्या आणि शासनाच्या हातातल्या आहेत. म्हणून त्या नशिबावर आणि नात्यांवर सोडून न देता सार्वजनिक काम म्हणून हाती घेतल्या पाहिजेत, एवढेच मला आज पुराव्यानिशी सांगायचे आहे.

आधी प्रश्नाचा आवाका पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेली माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण १० टक्क्यांच्या जवळ होते. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे २०५० पर्यंत दर पाच भारतीयांत एक जण साठीपुढचा असेल. मात्र डोकी मोजून भागत नाही. ही माणसे दिवस कसा काढतात, ते पाहावे लागते. याच मुंबईच्या संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर केलेली ‘लासी’ ही पाहणी त्याचे उत्तर देते. अंथरुणातून उठणे, आंघोळ, कपडे घालणे, जेवणे, शौचाला जाणे, घरातल्या घरात चालणे, यांपैकी निदान एका कामात अडचण येते असे साठीपुढच्या सुमारे चौथ्या हिश्शाने सांगितले. स्वयंपाक, बाजार, औषधे वेळेवर घेणे, पैशांचा व्यवहार अशा कामांत अडचण येणारे तर जवळपास निम्मे होते. ही सगळी माणसे खाटेला खिळलेली नाहीत. ती हिंडती-फिरती आहेत. फक्त दिवसाच्या एका-दोन ठिकाणी अडतात. तिथे हात मिळाला तर बाकीचा दिवस ती स्वतःच्या बळावर काढतात, आणि नाही मिळाला तर तिथेच कोसळतात.

आता आपल्या भागाकडे वळू. खापर हे अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरचे बाजाराचे गाव. गुजरातची हद्द हाकेवर. दिवाळी उलटली की याच रस्त्याने सातपुड्यातल्या पाड्यांवरची धडधाकट माणसे बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली कोयत्याची जोडपी दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्यात जातात, कोणी सौराष्ट्रात शेतमजुरीला. काहीजण काठी गावच्या राजवाडी होळीला तेवढे परततात, कित्येकजण थेट पावसाच्या तोंडावर. बाजारपेठेतल्या व्यापारी आणि नोकरदार घरांतली पुढची पिढीही सुरत, नाशिक, पुण्याला स्थिरावते. म्हणजे पाड्यावरची झोपडी काय आणि पेठेतले माडीचे घर काय, वर्षाचे कित्येक महिने दोन्हीकडे मागे उरतात ती म्हातारी माणसे. पाड्यावर तर त्यांच्याबरोबर नातवंडेही असतात. शिधापत्रिकेवर हे कुटुंब सहा-सात जणांचे दिसते. पाहणीला आलेला कर्मचारी ‘मुलांसोबत राहतात’ असे लिहून जातो. पण रात्री दोन वाजता हाक मारली तर ओ द्यायला त्या घरात पाच वर्षांचे पोर असते.

त्या रात्रीच्या दोन वाजताचीच वाट जरा जवळून पाहू. सत्तरी ओलांडलेली बाई लघवीला उठते. ती बसलेली असते सैल पडलेल्या, बुटक्या खाटेवर. गुडघे कमरेपेक्षा वर येतात आणि उठताना हाताला धरायला काही नसते. ती झटक्यात उभी राहते. म्हातारपणी असे उभे राहताच रक्तदाब खाली येतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तो आणखी उतरतो. दोन क्षण डोळ्यांपुढे अंधारी येते. मोतीबिंदूने नजर आधीच धूसर, दिवा दाराजवळ, बटण तिथेच. ती चाचपडत उंबरा ओलांडते. नव्या घरकुलाचे जोते उंच, त्याच्या दोन-तीन पायऱ्या एकसारख्या नाहीत आणि बाजूला कठडा नाही. अंगण ओलांडून शौचालय. त्याच्या दारात न्हाणीचे पाणी साचून शेवाळ धरलेले. आत उकिडवे बसायचे भांडे. बसता येते, उठता येत नाही, कारण मांड्यांतली ताकद गेलेली आहे आणि भिंतीला दांडा नाही. खाटेपासून शौचालयापर्यंत जेमतेम वीस पावलांचे अंतर, आणि त्यात घसरायच्या जागा पाच. यांतली एकही जागा तिच्या मुलाच्या प्रेमावर किंवा उपेक्षेवर अवलंबून नाही. मुलगा घरात झोपलेला असता तरी ती याच वाटेने, त्याला न उठवता गेली असती.

आणि ती पडली तर? खुब्याजवळचे हाड मोडले की शस्त्रक्रिया जितकी लवकर, तितकी माणूस पुन्हा चालण्याची शक्यता जास्त. डोंगरातल्या पाड्यावरून झोळीतून रस्त्यापर्यंत, रस्त्यावरून अक्कलकुव्याला, तिथून नंदुरबारला आणि कधी पुढे आणखी, हा प्रवास वेळ खातो. अनेकदा तो होतच नाही. मग अंथरूण, पाठीला जखमा, छातीत कफ, आणि काही महिन्यांत शेवट. घरचे म्हणतात, ‘पडल्याचं निमित्त झालं.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्याने दगावतात, आणि त्यांत सर्वाधिक प्रमाण साठीपुढच्यांचे असते. आपल्या व्यवस्थेचा पैसा कुठे उभा आहे, हेही इथे पाहिले पाहिजे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण हाड मोडल्यावर ५ लाखांपर्यंत खर्च करायला तयार असलेली व्यवस्था ते मोडू नये म्हणून शौचालयात एक लोखंडी दांडा बसवत नाही. कायद्याचेही तसेच आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा उपविभागीय स्तरावरच्या न्यायाधिकरणाकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळवून देतो. तो नाते तुटल्यावर उपयोगी पडतो. नाते शाबूत आहे, पण मुलगा बारडोलीकडे ऊस तोडतो आहे, अशा घरात या कायद्याला काही काम उरत नाही.

घर बदलल्याने खरोखर फरक पडतो का? पडतो, आणि तो मोजलेला आहे. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यानुसार घरातले धोके शोधून दूर केल्यास पडण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी घटते. जे आधीच पडलेले आहेत किंवा ज्यांना रोजच्या कामात मदत लागते, त्यांच्यात ते ३८ टक्क्यांनी घटते. ज्यांना फारसा धोका नाही, त्यांच्या घरात असे बदल करून लाभ दिसला नाही, हेही तोच आढावा सांगतो. म्हणजे सरसकट प्रत्येक घरी दांडे ठोकण्याची गरज नाही. निवड करावी लागते. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात गरीब वस्तीतल्या ३०० ज्येष्ठांवर केलेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच वाटेने पुढे जातो. पाच महिन्यांत दहापर्यंत गृहभेटी. भेट देणारे तिघे: एक हालचालींची तज्ज्ञ, एक परिचारिका आणि एक दुरुस्ती करणारा कारागीर. त्यांनी आधी म्हाताऱ्या माणसालाच विचारले, तुम्हाला घरात काय करता यायला हवे आहे? कोणाला जिना उतरायचा होता, कोणाला स्वतः आंघोळ करायची होती. त्याप्रमाणे घर आणि सवयी बदलल्या. रोजच्या कामांतली असमर्थता तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. जपानने २००० साली दीर्घकालीन सेवेचा विमा सुरू केला, तेव्हा घरातले दांडे, उंबरे आणि शौचालय बदलण्यासाठी २ लाख येनपर्यंतचा खर्च त्यातच धरला. तिथे सुताराचे काम आरोग्यसेवेत मोजले जाते.

हे पुरावे परदेशातल्या घरांचे आहेत, आपली घरे वेगळी, असा आक्षेप कोणी घेईल, तर तो अर्धा बरोबर आहे. कुडाच्या भिंतीला दांडा धरत नाही. तिथे जमिनीत पुरलेला सागवानी खांब लागेल. पण मांड्यांची ताकद कमी होणे, नजर अधू होणे, उभे राहताच अंधारी येणे या गोष्टी देशागणिक बदलत नाहीत. आणि गृहभेटीच्या बाबतीत तर आपल्याला बाहेर पाहण्याचीही गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले आणि नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी पाठवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षापर्यंत तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला होता. बाळ दवाखान्यात येत नाही, तेव्हा दवाखान्याने बाळाकडे जावे, हा विचार पुढे देशाने स्वीकारला. आज आशा कार्यकर्ती बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. याच अक्कलकुवा तालुक्यात चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी २०२० च्या कोरोनाकाळात नर्मदेतून स्वतः होडी वल्हवत पाड्यांवरच्या गरोदर बायका आणि बाळे गाठली, हे देशभरच्या वर्तमानपत्रांनी छापले. दुर्गम घरी सेवा पोहोचत नाही, असे म्हणायला आता जागा नाही. ती पोहोचते, फक्त पोहोचणाऱ्याच्या वहीत म्हाताऱ्या माणसाचे नाव नसते.

म्हणून माझी मागणी त्या वहीची आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने साठीपुढच्या सगळ्यांची नोंद करावी आणि वर्षातून एकदा प्रत्येकाला तीन गोष्टी विचाराव्यात: गेल्या वर्षभरात पडलात का, खाटेवरून हात न टेकता उठता येते का, आणि वर्षातले किती महिने घरात तुमच्याखेरीज दुसरे मोठे माणूस नसते. एका जरी उत्तरात धोका दिसला की ते घर महिन्याच्या भेटीच्या यादीत घ्यावे. स्थलांतराच्या महिन्यांत पंधरवड्याच्या. भेटीत रक्तदाब मोजावा, गोळ्या पाहाव्यात, पाण्याचा हंडा कोण भरते ते विचारावे, उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत दुपारी कोण बसते ते पाहावे. श्रावणबाळ योजनेचे पैसे खात्यात आले का, हयातीचा दाखला दिला का, झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राने घेतला का, हेही बघावे. कारण औषध आणि तेल-मीठ त्या पैशांवर चालते. खुर्ची धरून दहा वेळा उठबस करण्यासारखा व्यायाम शिकवावा. तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने पडणे जवळपास चौथ्या हिश्शाने कमी होते, असा पुरावा आहे. आणि वर्षातून एकदा गवंडी किंवा सुतार बरोबर न्यावा. पायरी १५ सेंटिमीटरच्या आत, पाऊल ठेवायला ३० सेंटिमीटर जागा, बाजूला कठडा, शौचालयात अख्ख्या माणसाचे वजन पेलेल असा दांडा, बसायला उंच बैठक, आणि खाटेपासून दारापर्यंत रात्रभर मंद दिवा. पंतप्रधान आवास आणि शबरी योजनेची घरकुले आजही बांधली जात आहेत. जोते, छत अशा टप्प्यांचे फोटो घेऊन हप्ते सुटतात. त्याच वेळी कठडा आणि दांडाही तपासला, तर वेगळी योजना काढावी लागणार नाही.

यावर पहिला आक्षेप कुटुंबाच्या बाजूने येतो. हे सगळे मुलांनी करायचे असते. गावाने केले तर मुले अंग काढून घेतील, असे म्हटले जाते. ही भीती मनापासूनची आहे, म्हणून तिचा विचार करायला हवा. पण बाळाच्या घरी आशा जाऊ लागली, म्हणून आईने बाळाकडे पाहणे सोडले नाही. तिला काय पाहायचे ते कळले. ज्याच्या आईच्या घरी महिन्याला कोणी डोकावते, तो ऊसतोडीच्या फडातून फोन करून नेमके विचारू शकतो. कोणी सांगणारेच नसेल, तर त्याची काळजी नुसती काळजीच राहते. आणि पोटासाठी बाहेर पडलेल्या माणसाला आपण कर्तव्य चुकवणारा म्हणणे अन्यायाचे आहे. घर सोडण्याची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांच्या मागे उरलेल्यांचा भार समाजाने उचलणे, हे कुटुंबाला धरून राहणेच आहे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. ज्या जिल्ह्यात कुपोषणाने बाळे दगावतात, तिथे म्हाताऱ्यांवर पैसा का घालायचा? दोन्हींत निवड करायची वेळ असती, तर उत्तर देणे मला अवघड गेले असते. पण स्थलांतराच्या महिन्यांत पाड्यावरच्या बाळाला भाकर कालवून कोण भरवते, तापात कपाळावर पट्टी कोण ठेवते, अंगणवाडीपर्यंत बोट धरून कोण नेते? तीच आजी. ती पडली की त्या घरातल्या मुलाचा आहार आणि शाळा त्याच दिवशी थांबते. नाहीतर आई काम अर्धे टाकून परतते आणि उचल डोक्यावर राहते. आजीचे पाय सांभाळणे हा कुपोषणावरच्या कामाचाच भाग आहे. पैशाचे म्हणाल, तर अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी २०१५ पासून पेसा कायद्याखालच्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो, आणि आरोग्य व स्वच्छता हे त्याच्या मान्य कामांत आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टी ओलांडलेल्या पात्र व्यक्तीला काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये मिळतात. ही साधने ज्या जमिनीवर टेकायची, ती सरळ करण्याचे काम ग्रामपंचायतीने केले, तर दोन्ही खर्च कारणी लागतील.

तिसरा आक्षेप आशा कार्यकर्तीच्या बाजूने, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. तिच्या डोक्यावर आधीच नोंदवह्यांचा डोंगर आहे आणि तिचा मोबदला कामाच्या मानाने अपुरा आहे. हे काम तिच्यावर फुकट लादले, तर ते कागदावरच होईल. म्हणून या भेटींसाठी पाड्यातलीच दुसरी बाई नेमावी, बचत गटातून निवडावी आणि तिला ठरलेले मानधन द्यावे. ती त्या घरची बोली बोलणारी असावी. ज्या म्हातारीला मराठी अडखळत येते, ती गोळ्यांची तक्रार परक्या भाषेत करणार नाही. बांधकामाच्या बाबतीत सातपुड्याजवळ स्वतःची रीत आहे. घर उभारायला, शेत उरकायला एका हाकेवर पाडा जमतो, ती लाह. वर्षातला एक दिवस एकट्या म्हाताऱ्यांच्या पायऱ्या, न्हाणी आणि छपरासाठी लाह बोलावली, तर साहित्याचा खर्च पंचायतीचा आणि श्रम गावाचे, अशी वाटणी होऊ शकते. परंतु नुसत्या लाहीवर विसंबून चालणार नाही. नेमके हात असलेली माणसे बाहेर गेलेली असतात, तेव्हाच गरज जास्त असते.

शेवटचा आक्षेप म्हाताऱ्यांचाच असतो: आमच्या घरात ढवळाढवळ नको. त्यांचा हा हक्क आहे आणि तो जपलाच पाहिजे. खाट कुठे असावी, चूल कुठे मांडावी, देवाची जागा हलवावी की नाही, हे ज्याचे घर त्याने ठरवायचे. म्हणूनच बाल्टिमोरमधल्या त्या पहिल्या प्रश्नाला मी महत्त्व देतो. सुरक्षिततेच्या नावाखाली माणसाला खाटेवर बसवून ठेवणे सोपे असते, पण बसून राहिलेले पाय लवकर जातात. म्हातारीला शेळ्या सोडायला जायचे असेल, तर तिला अडवू नये. गोठ्याची वाट सपाट करून द्यावी. प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय असलेल्या वृद्धाश्रमांची तरतूद २००७ च्या कायद्यात आहे, आणि ज्यांना खरोखर कोणी नाही, त्यांच्यासाठी ती सोय हवीच. परंतु ज्याला आपली बोली, आपला पाडा, याहामोगी देवीची जत्रा आणि ओळखीची वाट सोडून परक्या शहरातल्या खोलीत जावे लागते, त्याचे आयुष्य कदाचित वाढते, पण ते जगणे त्याचे राहत नाही. चार पायऱ्या आणि एक दांडा यांच्या अभावी कोणाला असे घर सोडावे लागत असेल, तर ते गावाचे अपयश आहे.

१ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन, आणि दुसऱ्याच दिवशी, २ ऑक्टोबरला, गावोगावी ग्रामसभा भरते. पेसा कायद्याने या भागातल्या ग्रामसभेला जे बळ दिले आहे, ते वापरायची ही नेमकी वेळ आहे, कारण त्यानंतर महिनाभराच्या आसपास दिवाळी येते आणि गाड्या भरू लागतात. खापर आणि भोवतालच्या गावांनी येत्या २ ऑक्टोबरला तीन ठराव करावेत: साठीपुढच्यांची नोंदवही, मानधन देऊन नेमलेली भेट देणारी बाई, आणि अबंध निधीतून घरदुरुस्तीसाठी राखलेली रक्कम. पुढच्या ग्रामसभेत त्या वहीतली दोनच खाती मोठ्याने वाचावीत: किती घरी भेटी झाल्या, आणि किती जण पडले. ज्या गावात पहिला आकडा वाढेल आणि दुसरा घटेल, त्या गावाने आपल्या ज्येष्ठांचा मान राखला, असे कोणीही म्हणू शकेल.